जुने सुटताना

१ एप्रिल १९५७ या एकाच तारखेस तत्कालीन मुंबई राज्यातील लोकांच्या आयुष्यात दोन बदल एकदम अमलात आले. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै ही पिढ्यान्‌पिढ्यांची विभागणी सरकारी हुकमाने संपून त्या दिवशी शंभर नव्या पैशांचा रुपया चलनात आला. आणि त्याच दिवशी, १९४८ च्या कूळकायद्यात आदल्या वर्षी झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, दुसऱ्याची जमीन कसणारे कूळ त्या जमिनीचा खरेदीदार मानले गेले. मी तेव्हा सात वर्षांचा होतो, आणि सातारा जिल्ह्यातील आमच्या घरी मोठी माणसे ज्या दोन गोष्टींविषयी बोलत, त्यांपैकी एक मला पूर्ण समजत होती व दुसरी मुळीच समजत नव्हती. आण्याचे सहा पैसे, दोन आण्यांचे बारा, परंतु तीन आण्यांचे मात्र एकोणीस, हे कोष्टक शाळेत आमच्याकडून घोकून घेतले होते, आणि आजीला ते समजावून देण्याची कामगिरी माझ्याकडे आली होती. आण्या-आण्याच्या तीन जिनसा निरनिराळ्या घेतल्या तर अठरा पैसे आणि एकदम घेतल्या तर एकोणीस, हे ऐकल्यावर तिने कोष्टकाचा कागद परत माझ्या हाती दिला आणि म्हणाली, "बाळा, माझा हिशेब कधी चुकला नाही रे. आता रोज चुकणार."

दुसरी गोष्ट ओट्यावर चाले. तेथे संध्याकाळी आजोबा आणि आमचे कूळ समोरासमोर बसत आणि बहुतेक वेळ गप्पच असत. त्या माणसाच्या दोन पिढ्यांनी आमची थोडी जिराईत कसली होती. सुगीनंतर खंडाचे धान्य घरी पोचते करण्याची आणि लग्नकार्यात त्याच्या घरी आमच्याकडून लुगडे जाण्याची वहिवाट होती. आजोबांना जमीन जाण्याची धास्ती होती हे उघडच आहे. परंतु ज्याला जमीन मिळायची तोही तितकाच घाबरलेला होता, हे मला पुष्कळ वर्षांनी, त्या कायद्याच्या अंमलबजावणीविषयी वाचताना उमगले. किंमत जमिनीच्या आकारणीच्या वीस ते दोनशे पटींच्या दरम्यान ठरायची होती, ती हप्त्यांनी फेडायची होती, मामलेदारापुढे उभे राहून जबाब द्यायचा होता, आणि उद्या बैल दगावला, पाऊस चुकला, मुलीचे लग्न निघाले तर ज्याच्या दारी जायचे तोच माणूस आता कागदोपत्री प्रतिपक्ष झाला होता. राज्यात ठिकठिकाणी पुष्कळ कुळांनी 'जमीन खरेदी करण्याची इच्छा नाही' असे जबाब लिहून दिले, किंवा नेमल्या तारखेस ती हजरच राहिली नाहीत. कित्येक ठिकाणी त्यामागे मालकाचा दाब होता, आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. पण जेथे दाब नव्हता तेथेही, स्वतःच्या हिताचा असा एवढा मोठा बदल दाराशी आलेला असताना, माणसे पाऊल मागे घेत होती. आमच्या कुळाने अखेर हप्ते भरले व सातबाऱ्यावर त्याचे नाव लागले. आजोबांनी त्याला अखेरपर्यंत 'आमचे कूळ' म्हणणे सोडले नाही, आणि त्यानेही दिवाळीला येऊन त्यांच्या पाया पडणे सोडले नाही.

बदलाचे भय हा विषय आपल्याकडे बहुधा स्वभावदोषाच्या सदरात घातला जातो. भिणारा मनुष्य जुनाट, आळशी अथवा अज्ञ समजला जातो, आणि मग त्याच्यावर उपदेश, प्रशिक्षण किंवा हुकूम यांपैकी एखादा उपाय योजला जातो. सत्तर वर्षांत घरी, नोकरीत आणि भोवतालच्या समाजात जे बदल मी पाहिले, आणि त्यापूर्वीच्यांविषयी जे वाचले, त्यावरून माझी खात्री अशी झाली आहे की नवेपणाची धास्ती माणसाला फार थोडी असते. त्याला भय असते ते जुन्या व्यवस्थेत आपण मिळवलेली किंमत, आपले कसब, आपला मान आणि आपला आधार पुसला जाण्याचे; आणि ते पुसताना आपल्याला कोणी विचारणार नाही याचे. हे भय रास्त आहे, कारण बहुतेक वेळा ते खरे ठरलेले असते.

नाण्यांचा बदल आज जवळजवळ विसरला गेला आहे, याचे श्रेय तो ज्या रीतीने केला गेला त्या रीतीकडे जाते. कायदा १९५५ साली झाला, अंमल १९५७ मध्ये सुरू झाला, जुनी नाणी काही वर्षे नव्यांच्या बरोबरीने चालू ठेवली गेली, पाव आणि अर्ध्या रुपयाचे मूल्य जुन्या चार व आठ आण्यांशी तंतोतंत जुळत असल्याने हाताला ओळखीचे काहीतरी उरले, आणि 'नवा पैसा' यातील 'नवा' हा शब्द लोकांना सवय होईपर्यंत म्हणजे १९६४ पर्यंत ठेवून मगच काढला गेला. वजनमापांचेही तसेच झाले. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आणि लिटर आले, गावोगावचा निराळा शेर मोडला, परंतु खेड्यात धान्य मोजताना पायली अजून तोंडात आहे, आणि सराफाच्या दुकानात तोळा तर नांदतोच आहे. मात्र पूर्वीचा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता आणि आज तोळा म्हणून जे दिले जाते ते सरळ दहा ग्रॅम असते. शब्द टिकला आणि त्याच्या आतले वजन बदलले. माणसे नव्याशी तडजोड करतात ती पुष्कळदा अशीच, जुने नाव हाती धरून. तेवढी सवलत ज्या बदलात असते तो बिनबोभाट पचतो.

या विषयाचा पाश्चात्त्य अभ्यास अफाट आहे आणि त्यातील बराचसा व्यवस्थापकांच्या सोयीसाठी लिहिला गेला असल्याने त्यावर मी फार रेंगाळणार नाही. परंतु काही गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. होम्स आणि राही या दोन अमेरिकन संशोधकांनी १९६७ साली आयुष्यातील ४३ घटनांची एक यादी प्रसिद्ध केली आणि प्रत्येक घटनेशी जुळवून घेण्यास मनाला किती तोशीस पडते याचे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००, विवाहाला ५०, सेवानिवृत्तीला ४५, राहते घर बदलण्याला २०. या यादीचे गुणांक आपल्या समाजाला जसेच्या तसे लावणे चूक होईल. पण विवाहासारखी आनंदाची घटना आणि विशेष यशाची प्राप्तीसुद्धा तिच्यात आहे, ही गोष्ट मला मोलाची वाटते, कारण चांगल्या बदलाचेही ओझे असते हे आपण घरातल्या माणसाला मोकळेपणी बोलू देत नाही. याच्या उलट, एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ च्या आपल्या ग्रंथात मृत्युशय्येवरील रुग्णांच्या मनाच्या ज्या पाच अवस्था वर्णिल्या, त्या पुढे कारखान्यांतील आणि कचेऱ्यांतील फेरबदलांना सर्रास चिकटवल्या गेल्या, हे मला अनुचित वाटते. नोकरी जाण्याच्या बेतात असलेला मनुष्य रागावतो तेव्हा तो कोणत्या तरी अवस्थेतून जात असतो असे म्हणणे म्हणजे त्याच्या रागाला उत्तर देण्याची जबाबदारी टाळणे होय.

या सर्व अभ्यासात मला सर्वांत उपयोगी वाटलेले दोन प्रयोग कापडाशी संबंधित आहेत. पहिला अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात पायजमे शिवण्याच्या एका कारखान्यात झाला आणि कोच व फ्रेंच यांनी तो १९४८ साली प्रसिद्ध केला. कामाची पद्धत बदलायची होती. एका गटाला बदल नुसता सांगितला गेला. दुसऱ्या गटाने आपले प्रतिनिधी पाठवले. आणि उरलेल्या गटांतील प्रत्येक कामगार स्त्री नव्या पद्धतीच्या आखणीत सहभागी झाली. पहिल्या गटाचे उत्पादन घसरले ते वर आलेच नाही, व पहिल्या चाळीस दिवसांत त्यातील शेकडा १७ जणींनी नोकरी सोडली. पूर्ण सहभाग असलेले गट मात्र थोड्याच दिवसांत पूर्वपदावर येऊन त्याही पुढे गेले, आणि त्यांतून एकीनेही काम सोडले नाही. कारखाना तोच, बदलही साधारण तेवढाच. फरक होता तो विचारण्याचा.

दुसरा प्रयोग आपल्या उंबऱ्याशी झाला. १९५३ साली, म्हणजे अहमदाबाद मुंबई राज्यातच असताना, तेथील कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित मागांच्या खात्यात लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस आले. त्या खात्यात २२४ माग होते आणि कामाची वाटणी बारा निरनिराळ्या हुद्द्यांत केलेली होती. कोणी फक्त तुटलेला धागा सांधायचा, कोणी फक्त बॉबिन भरायच्या, आणि कोणाचा कोणाशी संबंध नसल्याने नवे माग असूनही कापड अपेक्षेप्रमाणे निघत नव्हते. राइस यांनी मागांच्या एका संचाची संपूर्ण जबाबदारी एका लहान गटाकडे द्यावी अशी कल्पना मांडली, आणि घडले असे की ती कल्पना कामगारांनी आणि जॉबरांनी तत्काळ उचलली व गट कोणाकोणाचे व्हावेत हेही त्यांनी स्वतःच ठरवले. उत्पादन वाढले, खराब कापडाचे प्रमाण उतरले. ज्या कामगारवर्गाविषयी 'हे लोक नवे काही स्वीकारत नाहीत' असे गिरणीमालकांच्या दिवाणखान्यांत नित्य बोलले जाई, त्याच वर्गाने बदल हाती घेऊन दाखवला.

हे वाचल्यावर मुंबईचा इतिहास अधिकच टोचतो. १९२० नंतरच्या मंदीत मुंबईच्या गिरण्यांनी 'रॅशनलायझेशन' नावाने जी योजना पुढे आणली तिचा कामगाराला कळलेला अर्थ एवढाच होता की दोन माग सांभाळणाऱ्या विणकराने आता तीन सांभाळावेत आणि उरलेल्याने घरी जावे. या व वेतनकपातीच्या प्रश्नावर १९२८ चा सार्वत्रिक संप झाला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर राहिले, आणि त्यानंतर फॉसेट समितीची चौकशी झाली. त्या काळच्या सरकारी लिखाणात कामगार यंत्रसुधारणेच्या विरुद्ध आहेत असा सूर आढळतो. परंतु कोकणातून, घाटावरून आलेल्या या माणसांनी गाव सोडून, भोंग्यावर उठून, यंत्रापुढे दहा-दहा तास उभे राहून आयुष्यातला सर्वांत मोठा बदल आधीच पत्करलेला होता. त्यांना तिसऱ्या मागाचे भय नव्हते. शेजारच्या खोलीतील भाऊबंद बेकार होण्याचे भय होते, आणि वाढलेल्या कामाचा लाभ आपल्या वाट्याला येणार नाही याची खात्री होती.

चोपन्न वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जो संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि तो कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकामागून एक थंडावल्या, जमिनींवर मनोरे उठले, आणि ज्या कुटुंबांचे सर्व वेळापत्रक पाळीवर चाले त्यांच्या घरात वेळच उरला नाही, नुसते दिवस उरले. जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकाचे शीर्षकच त्या अवस्थेचे अचूक नाव आहे. येथे जुने संपले होते आणि नवे कोणी आणलेच नव्हते. बदलाशी जुळवून घ्या असे त्या माणसाला सांगणाऱ्याने, कशाशी जुळवून घ्यावे, हे दाखवायला हवे होते. त्या काळात घर कोणी चालवले याचा हिशेब मांडला तर तो बहुतांशी स्त्रियांच्या नावावर जमा होतो. गिरणगावातील खाणावळवाल्यांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने संघटित केले होते, आणि सावकाराच्या व्याजातून सुटून बँकेचे कर्ज त्यांच्या हाती आले होते. संपाच्या सात वर्षे आधी बांधलेला हा आधार पुढे कामी आला. बदल येण्यापूर्वी उभे राहिलेले आधारच बदलात टिकतात, हे मला गिरणगावाने शिकवले.

मी स्वतः बँकेच्या नोकरीत होतो, आणि संगणकाच्या बाबतीत जे घडले ते मी लेजरच्या टेबलावरून पाहिले. संगणकाची भीती आमच्यापर्यंत पोचण्यापूर्वीच देशात तिचा विचार झालेला होता; केंद्र सरकारने नेमलेल्या स्वयंचलनविषयक समितीने, जिचे अध्यक्ष पुण्याचे प्रा. वि. म. दांडेकर होते, १९७२ साली आपला अहवाल दिला, आणि रोजगाराच्या दृष्टीने यंत्राकडे कसे पाहावे हा प्रश्न गंभीरपणे चर्चिला गेला. बँकांत कर्मचारी संघटना आणि बँकांची संघटना यांच्यात १९८३, १९८७ आणि १९९३ असे तीन करार झाले. यंत्रे किती, कोणत्या शाखांत, कोणत्या कामासाठी, त्यावर बसणाऱ्याला भत्ता काय, आणि यंत्रापायी कोणाची नोकरी जाणार नाही, या गोष्टींवर वर्षानुवर्षे घासाघीस झाली. या संथपणाबद्दल आम्हांला वर्तमानपत्रांतून पुष्कळ बोल लावला गेला. मी त्या संथपणाचा आजही कैवार घेतो. त्या दहा वर्षांत एक संपूर्ण पिढी हळूहळू पडद्याकडे वळली, तरुणांनी आधी शिकून वयस्करांना शिकवले, आणि शाखेचे दार एकही दिवस बंद करावे लागले नाही.

तरीही काहीतरी गेलेच. आमच्या शाखेत एक ज्येष्ठ सहकारी होते, ज्यांची नजर पाच आकडी रकमांच्या लांबलचक स्तंभावरून वरून खाली एकदा फिरली की बेरीज तयार असे. सहामाहीच्या रात्री बॅलन्स जुळेना की सारी शाखा त्यांच्या टेबलाभोवती गोळा होई, आणि पहाटे दोन वाजता ते चार रुपयांचा फरक बोट ठेवून दाखवत. यंत्र आले आणि बॅलन्स आपोआप जुळू लागला. त्यांचा पगार गेला नाही, हुद्दा गेला नाही, करारातील प्रत्येक कलम त्यांच्या बाबतीत पाळले गेले. परंतु त्या रात्री पुन्हा आल्या नाहीत. २००० च्या अखेरीस सार्वजनिक बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली आणि देशभरात लाखाच्या घरात कर्मचारी तिच्यातून बाहेर पडले, तेव्हा त्यांनी पहिल्याच आठवड्यात अर्ज दिला. निरोपाच्या दिवशी मी त्यांच्याविषयी चार शब्द बोललो, आणि त्यांत त्यांच्या बेरजेचा उल्लेख करायचा राहून गेला, याची चुटपुट मला अद्याप आहे. कोणत्याही करारात न बसणारी हानी असते, आणि तिची भरपाई पैशाने होत नसली तरी तिची दखल घेणे हे सोबत्यांच्या हाती असते.

घरातील बदलांना करार नसतो, संघटना नसते आणि मुदतही नसते, म्हणून तेथले भय अधिक मुके असते. रमाबाई रानड्यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत, पतीच्या आग्रहाने शिकू लागलेल्या सुनेला घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी किती छळले याचे चित्र आहे, आणि ते वाचताना आपला सारा राग त्या स्त्रियांवर निघतो. वय वाढले तसा मी ते पुस्तक निराळ्या दृष्टीने वाचू लागलो. सोवळेओवळे, कुळाचार, माणसांची पंगत आणि पाहुण्यांची उस्तवार या ज्ञानावर ज्यांनी उभ्या जन्माची प्रतिष्ठा कमावली, त्यांच्या घरात एक अशी विद्या प्रवेश करीत होती जिच्यापुढे त्यांचे ज्ञान शून्यवत् ठरणार होते, आणि तो निर्णय घेणाऱ्या पुरुषाने त्यांच्याशी त्याविषयी एक शब्द बोलण्याची त्या काळी रीतच नव्हती. त्यांचे वागणे समर्थनीय नव्हते. त्यांचे भय मात्र आमच्या लेजरवाल्या सहकाऱ्याच्या भयाहून भिन्न जातीचे नव्हते.

जात्याचे उदाहरण मला या संदर्भात वारंवार आठवते. पिठाची गिरणी गावात आली आणि पहाटे तीनला उठून दळण्याचे कष्ट संपले. ते कष्ट परत यावेत असे कोणतीही स्त्री म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. पण जात्यापाशीची ती वेळ अशी होती की घरातले सर्व निजलेले असत आणि दोन बायका समोरासमोर बसून, सासर, माहेर, नवरा, मूल, मरण यांविषयी जे दिवसा उच्चारता येत नसे ते ओवीत गात. गी पॉईट्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यानजीकच्या डोंगरी गावांपासून आरंभ करून महाराष्ट्रभरातून अशा ओव्या गोळा केल्या आणि त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. बदल हिताचा होता, आणि त्यात बोलण्याची एक जागा नाहीशी झाली. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सत्य आहेत. गॅसची शेगडी, कुकर, मिक्सर यांच्या बाबतीतही थोड्याफार फरकाने हेच म्हणता येईल, आणि दारोदार फिरून पाट्याला टाकी लावणाऱ्या बायकांचा पोटाचा धंदा त्यात गेला, तो कोणाच्या लक्षातही आला नाही.

स्वयंपाकघरात बदल कसा रुजतो याविषयी कुर्ट लेविन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. मांसाची टंचाई होती, आणि अमेरिकन गृहिणी ज्या काळीज, मूत्रपिंड अशा भागांना हात लावत नसत ते त्यांनी वापरावेत अशी सरकारची इच्छा होती. काही गटांना उत्तम व्याख्यान दिले गेले. काही गटांत गृहिणींनी आपसांत चर्चा करून निर्णय घेतला. पुढे चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी शेकडा ३ जणींनी आणि चर्चा केलेल्यांपैकी शेकडा ३२ जणींनी नवे पदार्थ रांधले होते. घरातील वडीलधाऱ्यांना स्मार्टफोन आणि बँकेचे ॲप शिकवताना आपण मुले नेमकी व्याख्यानाचीच चूक करतो. मीही आईच्या बाबतीत केली. तिच्या हातातून फोन घेऊन मी भराभर करून दाखवत असे, आणि ती "कळले" म्हणत असे. शेजारच्या चौघी समवयस्क दुपारी एकत्र बसून एकमेकींना विचारू लागल्या, तेव्हा ती शिकली.

घर बदलण्याविषयी सध्या मुंबईत जो मोठा पट उलगडत आहे त्याकडे मी फार आस्थेने पाहतो. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या राहिल्या, आणि त्या कुटुंबांना आता ५०० चौरस फुटांची, स्वतंत्र संडास-न्हाणीघर असलेली घरे मिळत आहेत. ही गोष्ट निःसंशय न्यायाची आहे. ज्याने सकाळी सामायिक संडासापुढे रांग लावली नाही त्याने चाळीच्या आठवणींनी गहिवरू नये. पण तेथील वृद्धांना वाटणारी हुरहुर खरी आहे: चाळीत दार दिवसभर उघडे असे, आजारी माणसाकडे जाता-येता कोणाची तरी नजर जाई, आणि त्या नजरेसाठी कोणाला विनंती करावी लागत नसे. पंचविसाव्या मजल्यावर ती नजर कोणी आराखड्यात काढलेली नाही.

बदल कसा आणला जातो याने त्याचे स्वरूपच पालटते, याचे सर्वांत दुःखद उदाहरण १८९७ च्या पुण्यात सापडते. प्लेगला आवर घालणे आवश्यक होते. रुग्ण वेगळे काढणे, घरे स्वच्छ करणे यांत शास्त्रदृष्ट्या वावगे काही नव्हते. परंतु ते काम गोऱ्या शिपायांनी देवघरापर्यंत शिरून केले, आणि २२ जून रोजी प्लेग समितीचा प्रमुख रँड याच्यावर गोळी झाडली गेली व त्यातच पुढे त्याचा मृत्यू झाला. त्याच साथीत, त्याच शहरात, सावित्रीबाई फुले रुग्णांना स्वतः दवाखान्यात नेत होत्या, आणि त्यातच संसर्ग होऊन १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. रुग्णाला घराबाहेर काढण्याचीच ती दोन्ही कामे होती.

आणि तरीही विचारून, समजावून, भरपाई देऊन झालेल्या बदलातही काही शिल्लक राहते, ते कोठे ठेवायचे हा प्रश्न उरतोच. दक्षिण गोव्यात सांगे तालुक्यात कुर्डी नावाचे गाव होते. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर तेथल्या. साळावली नदीवर धरण बांधायचे ठरले तेव्हा मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः गावात आले आणि या धरणाने साऱ्या दक्षिण गोव्याला पाणी मिळेल असे त्यांनी लोकांना सांगितले. सुमारे तीन हजार वस्तीचे ते गाव उठले. वाडे आणि वालकिणी येथे लोकांना जमिनी मिळाल्या, आणि १९८६ च्या सुमारास गाव पाण्याखाली गेले. धरणाचे पाणी खरोखरच दक्षिण गोव्याला मिळाले. पुनर्वसित वस्तीच्या नळांना मात्र ते मिळण्यास फार विलंब झाला, अशी त्या लोकांची तक्रार राहिली.

दरवर्षी मे महिन्यात जलाशय आटतो आणि कुर्डी वर येते. घरांचे चौथरे, भिंतींचे अवशेष, झाडांचे वाळलेले बुंधे आणि भेगाळलेला चिखल दिसू लागतो. मग गोव्याच्या कानाकोपऱ्यांतून, आता आजोबा-आजी झालेली माणसे नातवंडांना घेऊन तेथे येतात. हिंदू सोमेश्वराच्या देवळात उत्सव करतात, ख्रिस्ती आपल्या कपेलात फेस्त करतात, आणि आपापल्या चौथऱ्यावर उभे राहून स्वयंपाकघर कोठे होते, विहीर कोणत्या अंगाला होती, हे मुलांना बोटाने दाखवतात. जूनमध्ये पाऊस लागतो, माणसे आपापल्या घरी परततात, आणि पाणी हळूहळू पुन्हा चौथऱ्यांवर चढते.